खेळ कोणाचा, पाप कोणाचे?

‘माझा नाइलाज होता’ हे तीन शब्दांचे वाक्य मनुष्य जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्या सहजपणे ते कोणी तपासून पाहत नाही. कचेरीत, कुटुंबात, दुष्काळात, रणांगणावर, सर्वत्र ते ऐकू येते. आणि ऐकणाराही बहुधा मान डोलावून पुढे जातो, कारण हेच वाक्य उद्या आपणांसही लागणार आहे याची त्यास मनोमन जाणीव असते. नाइलाज खरा असेल तर तो मनुष्यास किती प्रमाणात दोषमुक्त करतो, आणि नाइलाज कोठे संपतो व संमती कोठे सुरू होते, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. त्याकडे पुन्हा वळण्यास मला निमित्त मिळाले ते ‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ या जपानी मालिकेचे.

तरुणांच्या करमणुकीसाठी काढलेली, रक्तपाताने भरलेली मालिका गंभीर विवेचनास योग्य आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती अगदीच अनाठायी नाही. या मालिकेत रक्त आवश्यकतेहून अधिक आहे, आणि अश्रू तर त्याहूनही अधिक. तथापि तिच्या रचनेत एक प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडला गेला आहे की पुष्कळशा प्रतिष्ठित कादंबऱ्यांनाही ते साधलेले नाही.

मूळ कृती हारो आसो यांची चित्रकथा, म्हणजे जपानी लोक जिला ‘मांगा’ म्हणतात ती. 2010 ते 2016 या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे अठरा खंड झाले. शिन्सुके सातो यांनी दिग्दर्शित केलेली मालिका नेटफ्लिक्सवर डिसेंबर 2020 मध्ये आली. दुसरा भाग डिसेंबर 2022 मध्ये आणि तिसरा सप्टेंबर 2025 मध्ये. तिसऱ्या भागाचा विचार मी येथे करीत नाही. मूळ कथेचा गाभा पहिल्या दोहोंतच संपतो आणि पुढचे सारे यशामागून येणाऱ्या पुनरावृत्तीसारखे वाटते. जपानी नाव ‘इमावा नो कुनी नो आरिसु’ असे आहे. ‘इमावा’ म्हणजे मनुष्याची अखेरची घटका. कथेचे सारे रहस्य त्या एका शब्दात उघडेच ठेवलेले आहे. इंग्रजी नावाने मात्र ते झाकले.

आरिसु हा बेकार तरुण, घरच्यांच्या दृष्टीने वाया गेलेला, करुबे आणि चोता या दोन मित्रांसह तोक्योच्या शिबुया चौकात येतो. गर्दीत काही दांडगाई करून, पोलिसांच्या भीतीने तिघे स्थानकाच्या शौचालयात लपतात, दिवे जातात, बाहेर येऊन पाहतात तो अवघे महानगर निर्मनुष्य. या ओसाड नगरीत जगायचे तर खेळ खेळावे लागतात. प्रत्येक खेळास पत्त्यांतील एक पान नेमून दिलेले आहे. इस्पिक म्हणजे बळाचा खेळ, किलवर म्हणजे सहकार्याचा, चौकट म्हणजे बुद्धीचा, आणि बदाम म्हणजे मनुष्याच्या हृदयाशी केलेला क्रूर खेळ. खेळ जिंकला की पानावर जितका आकडा तितक्या दिवसांचा ‘व्हिसा’ मिळतो. व्हिसा संपला की आकाशातून एक लाल किरण उतरतो आणि मनुष्य जागच्या जागी मरतो.

बदाम सात हे नाव मराठी घरात किती निरुपद्रवी आहे! दिवाळीच्या सुट्टीत मुले जो खेळ मांडून बसतात, त्याचे ते नाव. या मालिकेत मात्र बदाम सत्तीचा डाव सर्वांत निर्घृण आहे. चौघे खेळाडू: तिघे मित्र आणि शिबुकी नावाची एक स्त्री. चौघांच्या गळ्यात स्फोटक पट्टे. एक जण लांडगा, बाकीचे मेंढ्या. लांडग्याची नजर ज्याच्यावर पडेल तो नवा लांडगा होतो. आणि वेळ संपेल त्या क्षणी जो लांडगा असेल तोच जगतो. म्हणजे लांडग्याने लपायचे आणि मेंढ्यांनी त्याला शोधायचे. प्रथम चौघेही शोधतात, झगडतात, एकमेकांवर धावून जातात. अखेरीस आरिसु लांडगा असतो, आणि आता तो मित्रांना हाका मारीत वणवण फिरतो, कोणीतरी आपल्या दृष्टीस पडावे म्हणून. मित्र लपून राहतात. नियमात एका अक्षराचाही बदल झालेला नाही. लपणारा आणि शोधणारा यांची जागा मात्र पूर्णपणे बदलली आहे.

हा प्रसंग पाहताना 1884 सालचा एक इंग्रजी खटला आठवल्यावाचून राहत नाही. साउदॅम्प्टनहून सिडनीस निघालेली ‘मिन्योनेट’ नावाची नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली आणि चौघे एका लहान होडीत उरले: कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर हा सतरा वर्षांचा पोऱ्या. जवळ सलगमाचे दोन डबे होते. पुढे एक कासव सापडले. विसाव्या दिवसाच्या सुमारास, पार्कर खारे पाणी पिऊन आजारी पडलेला असताना, डडली व स्टीफन्स यांनी त्यास मारले आणि तिघे त्याच्या देहावर जगले. ब्रुक्सने त्या कृत्यास संमती दिली नव्हती; अन्नाचा वाटा मात्र त्याने घेतला. चार-पाच दिवसांनी एका जर्मन जहाजाने तिघांची सुटका केली. फाल्मथच्या बंदरात उतरल्यावर त्यांनी काहीच लपविले नाही, कारण आपण गुन्हा केला असे त्यांस वाटतच नव्हते. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूची होती. न्यायमूर्ती कोलरिज यांनी मात्र निर्णय दिला की आपला जीव वाचविण्याची निकड हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही. कोणाचा जीव अधिक मोलाचा हे कोणी आणि कोणत्या मापाने ठरवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. देहान्ताची शिक्षा सांगण्यात आली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आली.

निर्णय कठोर आणि शिक्षा सौम्य, ही विसंगती पुष्कळांस खटकली आहे. मला ती शहाणपणाची वाटते. कृत्य चुकीचे होते असे म्हणणे वेगळे आणि ते करणारा दुष्ट होता असे म्हणणे वेगळे. होडीतील त्या तिघांना आपण क्षमा करू शकतो. परंतु क्षमा करावयाची म्हणजे काहीतरी क्षम्य घडले होते हे आधी मान्य करावे लागते. ‘नाइलाज होता’ असे म्हणणारास बहुधा क्षमा नको असते. काही घडलेच नाही असे आपण म्हणावे, ही त्याची अपेक्षा असते.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. शांतिपर्वातील आपद्धर्माच्या प्रकरणात विश्वामित्राची कथा येते. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला तो ऋषी चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो, आणि गंमत अशी की धर्माची बाजू चांडाळ मांडतो व ती मोडण्याची बाजू ऋषी. विश्वामित्र म्हणतो की जगलो तर धर्म आचरता येईल. या कथेचा आधार आपल्याकडे फार सैलपणाने घेतला जातो. संकटात सारे चालते, असा तिचा अर्थ लावणारे एक गोष्ट विसरतात: विश्वामित्राने पणास लावले ते स्वतःचे पावित्र्य, दुसऱ्याचा प्राण नव्हे. आपद्धर्माची सवलत स्वतःच्या खात्यावर घ्यावयाची असते.

आणि आश्चर्य असे की, 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 94 ज्यांनी लिहिले, तेही निराळ्या वाटेने जवळपास याच ठिकाणी पोहोचले. तत्काळ मृत्यूच्या धाकाने केलेले कृत्य अपराध ठरत नाही, असे ते कलम सांगते. परंतु खून आणि राज्याविरुद्धचे देहान्ताचे अपराध त्यातून वगळते. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि तिच्या कलम 32 मध्ये हीच तरतूद जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहे. या कलमास जोडलेली दोन स्पष्टीकरणे मला कलमाहूनही मोलाची वाटतात. दरोडेखोरांनी पकडून आणलेल्या लोहारास, प्राणाचा धाक घालून, घराचा दरवाजा फोडावयास लावले तर त्या लोहारास संरक्षण आहे. परंतु जो आपण होऊन, किंवा केवळ मारहाणीच्या भीतीने, दरोडेखोरांची जात ठाऊक असूनही त्यांच्या टोळीत सामील झाला, त्यास पुढे टोळीने काही करावयास भाग पाडले म्हणून ते संरक्षण मिळत नाही. लोहार आणि टोळीवाला यांच्या हातून घडलेले कृत्य एकच असू शकते. दरवाजा दोघांनीही फोडलेला असतो.

हा भेद मनाशी ठेवून आपण मालिकेकडे परत जाऊ. तिच्या पहिल्या भागाचा शेवट ‘बीच’ नावाच्या एका विश्रामगृहात होतो. तेथे शेकडो खेळाडूंनी आपले राज्य स्थापिलेले असते: नेता, कायदे, शस्त्रधारी रक्षक, आणि द्रोह्यास मरण. एके रात्री त्या वास्तूतच बदाम दश्शीचा डाव जाहीर होतो. दिवाणखान्यात मोमोका नावाच्या मुलीचे प्रेत पडलेले आहे, छातीत सुरा आहे. नियम असा की तिला मारणारी ‘चेटकीण’ ओळखून ठराविक वेळेत तिला अग्नीच्या स्वाधीन करावे. शस्त्रधारी गटाचा तर्क सरळ असतो: सर्वांनाच मारून आगीत टाकले तर त्यांत चेटकीण असणारच. आणि कत्तल सुरू होते. शेवटी आरिसुच्या ध्यानात येते की सुरा मोमोकाने स्वतःच खुपसून घेतला होता. चेटकीण तीच. जाळावयाचा देह पहिल्या घटकेपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर पडलेला होता.

या प्रसंगाचे महत्त्व मला फार वाटते. पुष्कळांचा समज असा की अशा कथांत ‘मारा किंवा मरा’ हा नियम असतो आणि मनुष्य बिचारा त्याचा बळी असतो. येथे तर नियमाने एकाही जिवंत मनुष्याचा प्राण मागितला नव्हता. एक प्रेत अग्नीस द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. बाकीचे सारे मृत्यू भीतीने नियमात भरीस घातले. हे केवळ कथेत घडत नाही. ज्यांचे आयुष्य नियमपुस्तकांच्या सहवासात गेले आहे, अशा आपल्या वाचकांपैकी अनेकांनी हे पाहिले असेल की वरून आलेल्या हुकुमात जितका कठोरपणा असतो, त्याहून अधिक कठोरपणा तो खाली झिरपताना त्यात मिसळतो. प्रत्येक पायरीवरचा मनुष्य स्वतःच्या सुरक्षिततेसाठी थोडी भर घालतो, आणि अखेरच्या पायरीवर उभ्या असलेल्या अर्जदारास जो नियम भेटतो, तो मूळ लिहिणारानेही ओळखला नसता. मग विचारणा झाली की जो तो नियमाकडे बोट दाखवितो. नियम काढून प्रत्यक्ष वाचणारा मनुष्य त्या गर्दीत विरळा असतो, आणि बहुधा त्यालाच कामात खोळंबा करणारा म्हणतात. आरिसुचे शौर्य कसले, तर त्या गोंधळात तो थांबून नियम पुन्हा वाचतो, एवढेच.

मोमोका आणि तिची मैत्रीण आसाही या ‘डीलर’ होत्या, म्हणजे पाने वाटणाऱ्या. खेळ चालविणे हाच त्यांचा खेळ होता; खेळाडू जिंकले तर मरण त्यांचे. आपण डीलर आहोत असे उघड बोलताच आसाहीवर लाल किरण उतरतो. या दोघी लोहाराच्या जातीच्या. त्यांनी दरवाजा फोडला हे खरे, परंतु सुरी त्यांच्याही मानेवर होती. मोमोकाने तर दुसऱ्याचा प्राण न घेता स्वतःचा दिला. कायद्याने लोहारास खुनाची सवलत दिलेली नाही, आणि ती मुलगीही ती मागत नाही.

दुसऱ्या भागात राजे, राण्या आणि गुलाम समोर येतात, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. हे चित्रांच्या पानांचे धनी कोण? ते परग्रहवासी नाहीत, सरकारी हेर नाहीत. ते पूर्वीचे खेळाडूच आहेत. मागच्या फेरीत ते जिंकले, आणि परत जायचे की येथेच राहायचे असे त्यांस विचारण्यात आले तेव्हा त्यांनी राहणे पत्करले. त्यांस ‘नागरिक’ म्हणतात. त्यांनीही एके काळी भीतीने थरथरत खेळ खेळला, मित्र गमावले, रक्त पाहिले. आता तेच खेळ मांडतात. नियम सोपा आहे: जो एकदा बळी होता, त्यास सूत्रधार होण्याचे आमंत्रण मिळते, आणि आमंत्रणास नकार देण्याची पूर्ण मुभा असते.

येथे टोळीत सामील होणाऱ्याचे ते स्पष्टीकरण आठवावे. नागरिकही आपल्या डावात प्राण पणास लावतो, हरला तर मरतो, हे खरे; त्यामुळे त्याच्याविषयी आपणांस आदरही वाटतो. किलवर राजा क्यूमा हा तर इतका मोकळ्या मनाचा आणि प्रतिस्पर्ध्यांवर प्रेम करणारा आहे की प्रेक्षक त्याच्या मृत्यूने हळहळतो. परंतु उदारपणे चालविलेला वधस्तंभ हा वधस्तंभच होय. स्वतःही धोका पत्करला म्हणून दुसऱ्यास धोक्यात लोटण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. ‘आम्हीही हे सारे सोसले आहे’ हा युक्तिवाद आपल्या समाजात फार जुना आहे. सासूने सुनेस तो ऐकविला, मुरलेल्या कारकुनाने नवख्यास ऐकविला, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने वसतिगृहात आलेल्या नव्या मुलास ऐकविला. सोसणे हे सोसावयास लावण्याचे प्रमाणपत्र आहे, अशी ही समजूत. मालिकेने तिचे जे चित्र रंगविले आहे, ते मला तिच्या साऱ्या रक्तपाताहून अधिक भयंकर वाटते.

चौकट राजा कुझुर्यू याचा डाव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्वायुष्यात तो वकील. कोणाचा प्राण किती मोलाचा, हे ठरविण्याची त्यास किळस आलेली आहे. म्हणून तो असा खेळ रचतो की ज्यात सर्वांस समान संधी असेल आणि कोणास कोणाविषयी निवाडा करावा लागणार नाही. शून्य ते शंभर यांतील एक आकडा प्रत्येकाने निवडायचा. सर्वांच्या सरासरीच्या आठ-दशांशास जो जवळ, तो त्या फेरीचा विजेता. (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1936 साली भांडवलबाजारास सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती, हा खेळ त्याच कुळातला.) हरणाऱ्याच्या मस्तकावर आम्लाची धार पडते. गणित निःपक्षपाती आहे, यात शंका नाही. परंतु माणसांस त्या तराजूत बसविले कोणी? अखेर समोर उरतो चिशिया, एके काळचा डॉक्टर, ज्याने आपल्या रुग्णालयात एक हृदय वजनदार घरच्या रुग्णाकडे वळविले गेलेले पाहिले आहे. तो आपला आकडा उघड सांगून टाकतो आणि निवाडा कुझुर्यूवरच सोपवितो. निवाडा टाळण्यासाठी उभारलेल्या यंत्रात शेवटी निवाडा करावाच लागतो, आणि राजा मरणाचा आकडा स्वतःसाठी निवडतो. त्याचा प्रामाणिकपणा मी मान्य करतो. पण तो निर्णय त्याला डाव मांडण्यापूर्वीही घेता आला असता.

‘व्हिसा’ हा शब्द या कथेत जगण्याच्या मुदतीस वापरला आहे. तो ऐकताना मला जपानच्याच एका अधिकाऱ्याची आठवण होते. घरापासून दूर, लिथुएनियातील काउनास या गावी 1940 साली चिउने सुगिहारा हे उपवाणिज्यदूत म्हणून नेमलेले होते. पोलंडातून पळून आलेले ज्यू निर्वासित त्यांच्या कचेरीसमोर रांगा लावून उभे राहिले. जपानमार्गे पुढे जाण्याचा परवाना त्यांस हवा होता. आवश्यक कागदपत्रे व पुरेसा पैसा असणाऱ्यांसच परवाना द्यावा, असा तोक्योचा आदेश होता. अधिक मुभा मागितली असता ती नाकारण्यात आली. निर्वासितांपैकी पुष्कळांपाशी डच मानद वाणिज्यदूत यान झ्वार्टेन्डाइक यांनी दिलेली, क्युरासाओ बेटावर जाण्यासंबंधीची टीप एवढाच काय तो आधार होता. सुगिहारांनी तोच पुरेसा मानला. जुलैच्या अखेरीपासून कचेरी बंद करून गाव सोडेपर्यंत ते हाताने परवाने लिहीत राहिले. त्यांच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत.

या गोष्टीतील एक तपशील क्वचित सांगितला जातो. सुगिहारांस लगेच शिक्षा झाली नाही. त्यानंतरही प्राग, कोनिग्सबर्ग, बुखारेस्ट येथे त्यांच्या नेमणुका झाल्या. नोकरी सुटली ती 1947 मध्ये. ज्या लाल किरणाच्या भयाने हात थांबावयाचा, तो किरण त्या उन्हाळ्यात उतरलाच नाही. उतरणार नाही, हे त्यांस लिहिताना ठाऊक नव्हते, ही गोष्ट अर्थात वेगळी. नियम आणि मनुष्य यांच्यामध्ये किती जागा मोकळी आहे, हे त्यांनी लिहून पाहिले. त्यांच्याच सरकारने त्यांचा जाहीर गौरव केला तो 2000 साली. तोपर्यंत त्यांच्या मृत्यूस चौदा वर्षे झाली होती.

मालिकेचा शेवट सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. शिबुयावर उल्कापात झालेला असतो. ज्यांचे हृदय त्या आघाताने क्षणकाल बंद पडले, ते सारे त्या एका मिनिटात या सीमेवरच्या नगरीत जाऊन आलेले असतात. खेळ संपल्यावर जिवंत उरलेल्या प्रत्येकास तोच जुना प्रश्न विचारला जातो: येथे राहणार की परत जाणार? बांदा आणि याबा हे दोघे राहतात. त्यांच्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. पुढच्या फेरीतील भयभीत माणसांसमोर आता तेच डाव मांडतील. बाकीचे नकार देतात आणि रुग्णालयाच्या खाटांवर जागे होतात.

परंतु जागे झालेल्यांस काहीच आठवत नाही. आरिसुलाही नाही. करुबे आणि चोता उल्कापातात मरण पावले, एवढेच त्यास कळते. ते आपल्यासाठी लपून राहिले होते, हे त्यास ठाऊक नाही आणि सांगणारेही कोणी नाही. ज्यांनी तेथे हत्या केल्या, तेही तसेच निरागस चेहऱ्याने शेजारच्या खाटांवर पडलेले आहेत. विस्मृतीने हत्या करणाऱ्याचा अपराध पुसला जातो काय, यावर मी पुष्कळ विचार केला. अपराध मोजायला निदान मेलेल्यांची संख्या तरी उरते. ऋणाचे काय? आरिसु रुग्णालयाच्या बागेत जातो, उसागी नावाची एक अनोळखी मुलगी त्यास भेटते, आणि आपण पूर्वी कोठे भेटलो आहोत की काय, असे त्यास वाटून जाते. त्या दोन मित्रांविषयी मात्र तेवढेही वाटण्याची सोय त्यास राहिलेली नाही; ते समोर कधीच येणार नाहीत.